निक्लॉसला पुटरने जिंकवलं म्हणे!

सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. वर फोटो आहे: पिवळा टी-शर्ट आणि चौकड्यांची पँट घातलेला एक गोरा माणूस, डाव्या हातात गोल्फची काठी उंच धरलेली. खालच्या मजकुराचं सार असं. जॅक निक्लॉस हा अमेरिकन गोल्फर १९८६ साली ४६ वर्षांचा होता आणि खेळाडू म्हणून संपलेला होता. सहा वर्षं त्याच्या हाती काहीच लागलं नव्हतं. मग विज्ञानाच्या नव्या शोधातून तयार झालेला मोठ्या डोक्याचा पुटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, त्याला मिळाला आणि त्या पुटरने त्याला मास्टर्स ही मोठी स्पर्धा जिंकून दिली. दुसऱ्याच दिवशी त्या पुटरवर लोकांच्या उड्या पडल्या, हाच त्याचा पुरावा. पुढे टायगर वुड्स २०१९ मध्ये आणि फिल मिकेलसन २०२१ मध्ये परत आले तेही नव्या साधनांच्या जोरावरच. शेवटची ओळ ठळक अक्षरांत: माणूस म्हातारा होतो, साधन होत नाही, तेव्हा आजच साधन बदला.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवतो. गोल्फ खेळत नाही, पण अनेक वर्षं मनापासून बघत आलोय. मास्टर्सचा शेवटचा दिवस आपल्याकडे सोमवारी पहाटे संपतो आणि त्या दिवशी मी झोपेवर पाणी सोडतो. आपल्या गावात गोल्फशी कुणाचा फारसा संबंध नाही. बेळगावात 'गोल्फ मैदान' हे नाव घराघरांत पोचलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये, तिथल्या झाडीत बिबट्या शिरला तेव्हा. शाळा बंद ठेवल्या होत्या, शोधासाठी सक्रेबैलहून हत्ती आणले होते. म्हणून या मेसेजमधलं खरं-खोटं तपासायला कुणी बसणार नाही हे मला कळतं. पण तो फिरवणारे गोल्फसाठी फिरवत नाहीत. चाळिशी उलटलेल्या टेनिस बॉल क्रिकेटवाल्यांना महागडी बॅट, सांधे दुखणाऱ्याला नवं रॅकेट, अकॅडमीतल्या दहा वर्षांच्या पोराला इंग्लिश विलो, असल्या खरेदीच्या आधी हा मेसेज पुढे केला जातो. म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देतो.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोज १८ होल, असे चार दिवस, सगळ्यांत कमी फटके मारेल तो जिंकला. प्रत्येक होलला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. त्याहून एक कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. लांबच्या फटक्यांना ड्रायव्हर, मधल्या अंतराला आयर्न, आणि चेंडू कापलेल्या हिरवळीवर पोचला की त्याला होलमध्ये ढकलायला पुटर. होलचा व्यास १०८ मिलिमीटर.

तर पहिला दावा, संपलेला खेळाडू.

सहा वर्षांत मेजर नाही, एवढंच खरं आहे. मेजर म्हणजे वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा. निक्लॉसने १९८० मध्ये यूएस ओपन आणि पीजीए अशा दोन जिंकल्या होत्या, त्यानंतर १९८६ पर्यंत एकही नाही. पण हाती काहीच लागलं नव्हतं, हे साफ खोटं. १९८२ च्या यूएस ओपनमध्ये तो दुसरा आला. पेबल बीचला टॉम वॉटसनने सतराव्या होलला हिरवळीच्या बाहेरून चेंडू थेट आत घातला नसता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. १९८३ च्या पीजीएमध्ये तो एका फटक्याने दुसरा. १९८४ मध्ये मेमोरियल स्पर्धा त्याने जिंकली. १९८६ ची सुरुवात वाईट झाली होती, खेळ बिनसला होता, वर्तमानपत्रांत तो संपल्याचं छापून आलं होतं, हे सगळं खरं. पण बिनसलेला आणि संपलेला यांत फार अंतर आहे. आमच्याकडे कास्टिंगला रिजेक्शन वाढलं की आधी वाळू बघतात, ओतायचं तापमान बघतात, पॅटर्न झिजलाय का ते बघतात. फौंड्रीच संपली असं कुणी म्हणत नाही. निक्लॉसनेही आधी दोष शोधला, त्याबद्दल पुढे सांगतो.

दुसरा दावा मुख्य आहे, पुटरने जिंकवलं. इथे थोडं सावकाश जावं लागेल, कारण यात तथ्य आहे आणि ते नेमकं किती आहे हेच मेसेजने गिळून टाकलंय.

पुटर होता मॅकग्रेगर कंपनीचा रिस्पॉन्स झेडटी. क्ले लाँग नावाच्या डिझायनरने तो बनवला होता. डोकं अॅल्युमिनियमचं आणि त्या काळच्या इतर पुटरांपेक्षा खूपच मोठं. ते मोठं का केलं? मोठं दिसलं की नेम लागतो म्हणून नाही. चेंडू पुटरच्या बरोबर मध्यावर लागला तर लहान डोकं आणि मोठं डोकं यांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला की. तेव्हा डोकं पिळवटतं, तोंड किंचित वळतं, चेंडूला मिळायचा जोर कमी होतो. चेंडू रेषा सोडतो आणि आखूडही पडतो. डोक्याचं वजन मध्यापासून दूर, दोन टोकांकडे नेलं की हे पिळवटणं कमी होतं.

हे हाताने करून बघण्यासारखं आहे. लोखंडी फूटपट्टी घ्या, मधोमध भोक पाडून दोरा बांधा आणि ती आडवी लटकवा. दोन जाड नट चिकटपट्टीने दोऱ्याच्या अगदी जवळ, दोन्ही बाजूंना एकेक असे बसवा. पट्टीच्या एका टोकाला बोटाने टिचकी मारा. गर्रकन फिरते. आता तेच नट दोन टोकांना सरकवा आणि तशीच टिचकी मारा. वजन तेच, पट्टी तीच, टिचकी तीच, पण पट्टी जड झाल्यासारखी हळूहळू फिरते. मध्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तर त्या वजनाचा फिरण्याला होणारा विरोध चौपट होतो. शॉपमध्ये नव्याने आलेल्या पोरांना फ्लायव्हीलची कड जाड आणि मधला भाग पातळ का, हे मी असंच दाखवतो. आधी कुणाचा विश्वास बसत नाही, मग प्रत्येकाला स्वतः टिचकी मारून बघायची असते.

मग अॅल्युमिनियम कशाला? स्टीलची घनता एका घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, अॅल्युमिनियमची २.७. पुटरचं डोकं साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास ठेवावं लागतं, त्याहून फार जड झालं तर हातावरचा ताबा जातो. तेवढ्याच वजनात अॅल्युमिनियमचा तुकडा जवळपास तिप्पट आकाराचा बनतो. म्हणजे डोकं लांब-रुंद करता येतं आणि वजन बाहेरच्या कडांकडे नेता येतं. ज्या गावात इंडालचा कारखाना (आता हिंडाल्को) बॉक्साइटपासून अॅल्युमिना बनवतो आणि घरटी एक माणूस लेथ, व्हीएमसी किंवा फौंड्रीशी जोडलेला आहे, त्या गावाला हे समजायला जड जाऊ नये. एवढा सुंदर मुद्दा होता आणि मेसेजवाल्याने त्यातलं एक अक्षर न सांगता नुसतं 'विज्ञानाचा चमत्कार' लिहून सोडून दिलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर पुटरने काय केलं? मध्यावर न लागलेल्या चेंडूची शिक्षा कमी केली. ४६ व्या वर्षी हात विशीतल्यासारखा स्थिर नसतो, तेव्हा ही सवलत मोलाची. काय केलं नाही? हिरवळीचा उतार वाचला नाही. चेंडू किती जोरात ढकलायचा ते ठरवलं नाही. पुटरचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं तेही सांगितलं नाही. मोठ्या डोक्याचा पुटर चुकीच्या दिशेला धरून अगदी मध्यावर मारलात तर चेंडू चुकीच्याच दिशेला जाणार, आणि पुरेपूर जोराने जाणार. दिशा आणि जोर हे निक्लॉसचं काम होतं, आणि मास्टर्स जिथे होते त्या ऑगस्टाच्या हिरवळींवर तो १९५९ पासून खेळत होता. १९८६ च्या आधी तिथे तो पाच वेळा जिंकला होता: १९६३, १९६५, १९६६, १९७२ आणि १९७५. कुठला चेंडू कुठे वळतो हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

आता त्या चार दिवसांचे आकडे बघा: ७४, ७१, ६९, ६५. एकूण २७९. पुटर चारही दिवस तोच. गुरुवारी ७४ फटके लागले तेव्हाही त्याच्या हातात तोच मोठ्या डोक्याचा पुटर होता. पुटर जिंकवत असता तर गुरुवारी सुट्टीवर गेला होता का?

आणि रविवार. शेवटच्या दिवशी निक्लॉस आघाडीपासून चार फटके मागे होता. आठव्या होलपर्यंत त्याचा फायदा काहीच झाला नव्हता. नवव्याला बर्डी. दहाव्याला आणि अकराव्याला वीस-पंचवीस फुटांवरून चेंडू आत, सलग दोन बर्डी. इथे पुटरला दाद द्यायलाच हवी. एवढ्या लांबून चेंडू जरासा बाजूला लागला तरी तो आखूड पडतो, आणि तिथे या डोक्याने मदत केली असणार हे मी आनंदाने मान्य करतो. बाराव्याला मात्र बोगी. सात-आठ फुटांच्या आतला पट, म्हणजे पुटरचा फटका, चुकला, त्याच पुटरने.

तेराव्याला तो सावरला ते तीन नंबरच्या आयर्नने. लांबून मारलेला चेंडू हिरवळीवर गेला, मग दोन पट लागले आणि बर्डी मिळाली. पंधराव्याला दोनशे यार्डांवरून, पाणी ओलांडून, चार नंबरच्या आयर्नने त्याने चेंडू होलपासून बारा-एक फुटांवर नेऊन ठेवला. तो पट आत गेला आणि ईगल झाला. पण एवढ्या लांबून पाण्यावरून मारून बारा फुटांवर चेंडू ठेवणं हे त्या ईगलमधलं अवघड काम. ज्यांना तुलना हवी त्यांच्यासाठी, त्याच होलला सेव्ह बॅलेस्टेरोसने चार नंबरच्याच आयर्नने मारलेला चेंडू पाण्यात गेला आणि तिथे त्याची आघाडी गेली. सोळाव्याला पाच नंबरच्या आयर्नचा फटका तर थेट आतच जायचा बाकी होता, तीनेक फुटांवर थांबला. तीन फुटांचा पट आमच्या गल्लीतला पोरगाही कुठल्याही काठीने घालेल. सतराव्याला पुन्हा दहा-बारा फुटांचा पट, मेसेजमधला फोटो तिथला. अठराव्याला हिरवळीवर खूप लांब राहिलेला चेंडू त्याने होलच्या काही इंचांवर आणून ठेवला आणि पार साधला. शेवटच्या नऊ होलांत ३० फटके.

मी हिशेब असा मांडतो. नववा, दहावा, अकरावा, पंधरावा, सतरावा या पाच ठिकाणी पट महत्त्वाचा होता आणि त्यात नव्या पुटरचा वाटा आहे. तेरावा, सोळावा आणि पंधराव्याचा मोठा भाग आयर्नचा. आठव्याला झाडांत गेलेला चेंडू फटीतून बाहेर काढून वाचवलेला पार, तो छातीचा. शेवटी तो ग्रेग नॉर्मन आणि टॉम काइट यांच्यापुढे एका फटक्याने राहिला. एका फटक्याचा फरक असला की त्या चार दिवसांतली प्रत्येक गोष्ट निर्णायक ठरते, पुटरही आणि बाकी सगळंही. पुटर नसता तर तो जिंकला नसता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण पुटर होता म्हणून जिंकला, हे वेगळं विधान आहे आणि ते टिकत नाही.

नवा शोध? नाही. वजन दोन्ही टोकांना नेण्याची युक्ती कार्स्टन सोल्हाइम या इंजिनिअरने १९५९ मध्येच पिंग पुटरमध्ये आणली होती. जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता तो घरच्या गॅरेजमध्ये पुटर बनवायचा. त्याचा अॅन्सर हा पुटर १९६६ चा, आणि आजही कितीतरी पुटर त्याच घाटाचे दिसतात. क्ले लाँगने ती कल्पना अॅल्युमिनियम वापरून पुढे नेली, काम उत्तमच केलं, पण १९८६ साली आभाळातून काही पडलेलं नव्हतं. इतर खेळाडूंनाही असे पुटर दुकानात मिळत होते. आणि मेसेजने एक गोष्ट सोयीने वगळली: त्या आठवड्यात निक्लॉसच्या बॅगेत ड्रायव्हर होता लाकडी डोक्याचा. धातूच्या डोक्याचे ड्रायव्हर १९७९ पासून बाजारात होते. नव्या साधनानेच सगळं होत असतं तर त्याने जुनं लाकूड का ठेवलं? कारण त्याला त्यात अडचण नव्हती. जिथे अडचण होती तिथेच त्याने बदल केला.

दुसऱ्या दिवशी पुटरवर पडलेल्या उड्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. हजारोंनी ऑर्डरी आल्या हे खरं. त्यातून लोकांना काय हवं होतं ते कळतं, पुटरने काय केलं ते कळत नाही. ते पुटर घेतलेल्या हजारोंनी पुढे काय जिंकलं हे मेसेज सांगत नाही. खुद्द निक्लॉसनेही त्यानंतर पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, एकही स्पर्धा जिंकली नाही, १९८६ ची मास्टर्स हा त्याचा तिथला ७३ वा आणि शेवटचा विजय. शिवाय मॅकग्रेगर कंपनीच्या मालकीत तेव्हा निक्लॉसचा स्वतःचा वाटा होता. त्यात काही गैर नाही, पण पुटरची गोष्ट एवढी मोठी कशी झाली हे समजायला ते माहीत असावं.

आता मेसेजमध्ये ज्यांचा उल्लेखही नाही त्यांच्याबद्दल. जॅक ग्राउट हा निक्लॉसचा गुरू, त्याला दहाव्या वर्षापासून शिकवणारा. १९८६ च्या सुरुवातीला खेळ बिनसला तेव्हा निक्लॉस त्याच्याकडेच परत गेला. काठी फिरवताना (स्विंगमध्ये) हात आणि मनगटं जरुरीपेक्षा जास्त चालतायत, हा दोष तिथे सापडला. ते चार नंबरचं आयर्न पाण्यापलीकडे गेलं त्यामागे ही दुरुस्ती आहे. दुसरा माणूस म्हणजे निक्लॉसचा मुलगा, जॅकी म्हणायचे त्याला. त्या आठवड्यात बापाची बॅग त्यानेच उचलली होती. जॅकी स्वतः गोल्फर. हिरवळीच्या आसपासचे छोटे फटके त्याने ची ची रॉड्रिग्ज या गोल्फरकडून शिकून घेतले होते आणि ते त्याने बापाला दाखवले. चेंडू लांब कुठे जाऊन पडतोय हे निक्लॉसला नीट दिसत नव्हतं, ते पोरगा बघून सांगायचा. सोळाव्याचा तो फटका मारल्यावर निक्लॉस वर न बघता टी (चेंडू टेकवायची छोटी खुंटी) उचलायला वाकला, कारण बघूनही त्याला काही दिसणार नव्हतं. आपल्याकडे कुठल्याही तालमीत जा, पैलवानाची कुस्ती निघाली की आधी वस्तादाच्या पाया पडतात. लंगोट कुठल्या दुकानातून आणला होता असं कुणी विचारत नाही. ग्राउट आणि जॅकीला वगळून श्रेय अॅल्युमिनियमच्या तुकड्याला देणं मला पटत नाही. आणि मी हे अॅल्युमिनियमवर प्रेम असलेला माणूस म्हणून सांगतोय.

टायगर वुड्सचा दावा तर उलटाच आहे. २०१९ मध्ये ४३ व्या वर्षी त्याने मास्टर्स जिंकली, २००८ नंतरची पहिली मेजर. ड्रायव्हर आणि आयर्न नवे होते, हे खरं. पण पुटर? स्कॉटी कॅमेरॉनचा तोच जुना, १९९९ पासूनचा. त्याच्या १५ मेजरपैकी १४ त्याच पुटरने जिंकलेल्या आहेत. नव्या साधनाने करिअर वाचवल्याचं उदाहरण म्हणून हा माणूस निवडणं म्हणजे कमालच. वुड्सचं दुखणं पाठीत होतं. एप्रिल २०१७ मध्ये कण्याच्या खालच्या भागातले मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाली, पाठीवरची ती चौथी. त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत तो हजाराच्याही खाली घसरला होता. जगातला कुठलाही ड्रायव्हर ती पाठ दुरुस्त करू शकला नसता. जिंकला त्या दिवशीही, बाराव्या होलला फ्रान्चेस्को मोलिनारी आणि ब्रूक्स केप्का यांचे चेंडू पाण्यात गेले आणि वुड्सने मात्र चेंडू हिरवळीच्या मधोमध, सुरक्षित बाजूला मारला. तो निर्णय डोक्याचा होता.

मिकेलसनच्या बाबतीत मेसेज सत्याच्या सर्वांत जवळ जातो, हेही सांगायला हवं. मे २०२१ मध्ये किआवा आयलंडला त्याने पीजीए जिंकली तेव्हा तो ५० वर्षांचा होता, मेजर जिंकणारा आजवरचा सर्वांत वयस्कर खेळाडू. त्याआधीचा विक्रम ज्युलियस बोरोसचा, १९६८ मध्ये ४८ व्या वर्षी. मिकेलसनच्या ड्रायव्हरची लांबी होती ४७.९ इंच, नियमात तेव्हा ४८ पर्यंत मुभा होती. काठी लांब असली की डोकं मोठ्या वर्तुळात फिरतं, वेग वाढतो, चेंडू लांब जातो. वयाबरोबर अंतर कमी होतं, तेवढं त्याने काठीकडून परत घेतलं. शेवटच्या दिवशी सोळाव्या होलला त्याने ३६६ यार्ड मारला.

पण लांब काठी फुकट मिळत नाही. लेथवर बोरिंग बार जितका जास्त बाहेर काढाल तितका चॅटर (थरथर) वाढतो, जॉबला लाटा येतात. ड्रायव्हरचंही तसंच, लांब काठीने चेंडू मध्यावर घ्यायला मनगट आणि लय दोन्ही जास्त लागतात. पन्नाशीत ते साधण्यासाठी मिकेलसन काय करत होता हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. लक्ष शेवटपर्यंत टिकत नाही हा त्याचा दोष होता, म्हणून तो सरावाला एका दिवसात ३६, कधी ४५ होल खेळायचा, ध्यान करायचा. खाण्यावरही त्याने लगाम घातला होता. आणि रविवारी पाचव्या होलला त्याने बंकरमधल्या वाळूतून चेंडू थेट होलमध्ये घातला, त्या फटक्याला लांब ड्रायव्हरचा काही उपयोग नव्हता.

भारतातलंच उदाहरण द्यायचं तर महूचा मुकेश कुमार आहे. डिसेंबर २०१६ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्याने दिल्लीत पॅनासोनिक ओपन इंडिया जिंकली, एशियन टूरवरचा त्याचा पहिला विजय. त्याच्यावर असा मेसेज कुणी फिरवत नाही, कारण त्याच्या गोष्टीत विकायला काही नाही.

राहिली शेवटची ओळ, साधन म्हातारं होत नाही. होतं. दांडा छातीला किंवा पोटाला टेकवून पट मारण्यावर १ जानेवारी २०१६ पासून बंदी आली, आणि त्या पद्धतीवर विसंबलेल्या खेळाडूंना नव्याने शिकावं लागलं. बर्नहार्ड लँगरने तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर हात शरीरापासून सुटा ठेवून लांब पुटर वापरायची सवय केली आणि जिंकत राहिला. जानेवारी २०२२ पासून मोठ्या स्पर्धांना ड्रायव्हरची लांबी ४६ इंचांवर आणायची मुभा मिळाली, म्हणजे मिकेलसनची ती काठी तिथे नियमाबाहेर गेली. ड्रायव्हरच्या डोक्याला ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा त्याआधीच आलेली आहे. साधनाने फार मदत केली की नियम बदलतात. निक्लॉसने मात्र १९९८ मध्ये, ५८ व्या वर्षी, कंबरेचा सांधा दुखत असताना त्याच ऑगस्टावर सहाव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. पुढच्या वर्षी तो सांधाच बदलावा लागला.

आमच्या मोल्डिंगमधले एक काका व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट खेळतात, अजून ओपनिंगला जातात. त्यांनी हा मेसेज मला दाखवला आणि विचारलं, "बघ गा, दहा-बारा हजाराची बॅट घेऊ म्हणतोय. खरं तो माणूस पण नवी काठी घेऊनच जिंकला की!"

मी विचारलं, "काका, आउट कसे होता तुम्ही?"

"बॉल खाली राहतो. बॅट वरनं जाते."

"पहिल्यापासून?"

"न्हाई गा. संध्याकाळच्या मॅचला जास्त."

"आणि जवळचं वाचताना मोबाईल लांब धरता, ते कधीपासून?"

काका हसले. त्याच आठवड्यात ते डोळे तपासून आले, चष्म्याचा नंबर निघाला. बॅट घ्यायची की नाही ते दिवाळीनंतरच्या स्पर्धेला बघू म्हणालेत. तोवर जुनीच बॅट आहे, मूठ नवी बसवून घेतलीय, कारण जुनी घामाने घसरत होती.